वाचकांचे प्रश्न : ओट्याखाली बसवायचा पेयांचा फ्रिज

प्रश्न : स्वयंपाकघर नव्यानं करून घेतोय. ओट्याखाली ६० सेंमी रुंदीचा एक कप्पा रिकामा ठेवलाय. तिथे पाणी, ताक, सरबतं, सोडा यांच्यासाठी काचेच्या दाराचा छोटा फ्रिज हवा आहे. दुकानदार म्हणतो, साधा ९० लिटरचा मिनी फ्रिज घ्या, बऱ्याच कमी किमतीत काम होईल. खरंच होईल का? (ठाणे)

उत्तर : मोकळ्या जागेत होईल, कप्प्यात नाही. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती कुठून बाहेर टाकतो, हे गार किती करतो याच्याही आधी बघायचं. बहुतेक मिनी फ्रिजमध्ये उष्णता सोडणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड किंवा पाठीमागे असतात. दुकानात अर्धा-पाऊण तास चालू असलेल्या फ्रिजच्या बाजूला हात लावून बघा. पत्रा चांगलाच गरम लागला तर तो तिन्ही बाजूंनी प्लायवूडमध्ये कोंडण्याच्या लायकीचा नाही. तरी कोंडलात, तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, वीजबिल चढतं, भर उन्हाळ्यात ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडून तो मध्येच बंद होतो आणि शेजारच्या कपाटाचं सनमायका सुटायला लागतं.

कप्प्यात बसवायच्या यंत्राला खाली, दाराच्या तळाशी जाळी असते. आतला पंखा त्याच जाळीतून हवा ओढतो आणि तिथूनच गरम हवा बाहेर सोडतो. विकत घेण्याआधी माहितीपुस्तिकेतलं बसवणीचं पान मागून घ्या. त्यात 'बिल्ट-इन' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. बाजूंना पाच-दहा सेंमी मोकळी जागा सोडा असं लिहिलं असेल, तर ६० सेंमीच्या कप्प्यात ६० सेंमीचं यंत्र बसणार नाही, विक्रेता काहीही म्हणो. आणि सुताराला आधीच बजावून ठेवा : बाकी कपाटांखालून जाणारी स्कर्टिंगची पट्टी या जाळीपुढून न्यायची नाही. चांगलं यंत्र वर्षभरात तापून बंद पडलं की बहुतेक वेळा हीच पट्टी कारण निघते.

आता माप. आपल्याकडे ओट्याची उंची साधारण ८२ ते ८६ सेंमी असते. ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा वजा केला की हाती ७६ ते ८० उरतात. परदेशी मापाची यंत्रं मात्र ८२ ते ८७ सेंमी उंच असतात. पाय फिरवून यंत्र वर उचलता येतं, मूळ उंचीपेक्षा खाली नेता येत नाही. म्हणून जमिनीपासून ग्रॅनाइटच्या पुढच्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. वरच्या पृष्ठभागापर्यंतचं माप इथे कामाचं नाही. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीन ठिकाणी मोजा, कारण फरशीला बहुधा उतार असतो. सर्वांत लहान आकडा तो तुमचा. कप्प्याच्या खोलीत, म्हणजे पुढून मागच्या भिंतीपर्यंत, यंत्राच्या मापाखेरीज प्लगसाठी पाच सेंमी धरा. त्याहून बरं म्हणजे सॉकेट शेजारच्या कपाटात काढून घ्या. ६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं पुरतं. यंत्राच्या पाठीमागे सॉकेट ठेवलं, तर बंद करायला दर वेळी अख्खं यंत्र ओढावं लागेल.

उंची जमतच नसेल तर ओटा फोडायच्या भानगडीत पडू नका. जेवणाच्या खोलीतल्या क्रॉकरी युनिटखाली जागा करा. तिथे गॅसची धग नसते, आणि पाण्याच्या बाटलीसाठी येणारी मुलंही फोडणीच्या वेळी पायात येत नाहीत.

प्रश्न : वाइन कूलर स्वस्तात मिळतोय, आवाजही नाही म्हणतात. त्यात ताक आणि थंड पेयं ठेवली तर? (नागपूर)

उत्तर : नको. बिनआवाजाचा आणि स्वस्त म्हणजे बहुधा थर्मोइलेक्ट्रिक. त्यात कॉम्प्रेसरच नसतो. असं यंत्र खोलीच्या तापमानापेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जातं. मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात ४० अंश असतील, तर आत २०-२५. ताक आंबेल. कॉम्प्रेसरवाला वाइन कूलर घेतलात तरी त्याची मजल साधारण ५ ते १८ अंशांची, म्हणजे नेटानं चालवला तरी काठावरच. पेयांना ३-४ अंश हवेत, आणि दूध ठेवणार असाल तर ४ च्या वर नको.

तुमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट. यंत्राच्या पाठीमागे किंवा आत चिकटवलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. विदर्भात टीखेरीज दुसरं घेऊच नये.

प्रश्न : जाहिरातीत '१२० कॅन' लिहिलं होतं. घरी आणल्यावर निम्म्याही बाटल्या मावत नाहीत. (पुणे)

उत्तर : ती मोजणी ३३० मिलीच्या कॅनची, तीही शक्य तितके कोंबून, कधीकधी मधले रॅक काढून केलेली असते. घरात मात्र एक लिटरच्या बाटल्या, ताकाचा तांब्या, कोकमची बरणी असं सगळं उंच-बुटकं असतं. म्हणून लिटर बघा, आणि रॅकचे खाचे किती अंतरावर आहेत ते बघा. दोन लिटरची बाटली उभी ठेवायची तर ३५ सेंमी उंची मोकळी लागते. जाताना घरातली सर्वांत उंच बाटली बरोबर न्या आणि ती आत ठेवून दार लावून पाहा.

आणि एकदम भरून तासाभरात गार होण्याची अपेक्षा ठेवू नका. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या म्हणजे १२ किलो पाणी. ते ३२ वरून ५ अंशांवर आणायला सुमारे ३२४ किलोकॅलरी, म्हणजे जवळपास ०.३८ युनिट उष्णता उपसावी लागते. छोट्या यंत्रानं सलग १०० वॅटनं उपसली तरी चार तास, आणि दाराच्या काचेतून आत शिरणारी उष्णता वेगळीच. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर बाटल्या आदल्या रात्री भरा.

प्रश्न : पावसाळ्यात काचेच्या दारावर बाहेरून पाणी जमतं, फरशी ओली होते. यंत्र बिघडलंय का? (रत्नागिरी)

उत्तर : बहुधा नाही. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असली की २७ अंशांच्या आसपासच दव पडायला लागतं. काच बाहेरून तेवढी थंड झाली की ती भिजणारच. आत दूध नसेल तर आतलं तापमान २-३ वरून ६ वर आणून बघा. तेवढ्यानं बराच फरक पडतो. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. ती सहज सुटून आली तर त्या जागी रबर सैल आहे. कोमट साबणपाण्यानं पुसूनही बसत नसेल तर बदलून घ्या. पाणी आत, तळाशी साचत असेल तर कारण वेगळं : पाठीमागच्या भिंतीतलं निचऱ्याचं भोक तुंबलेलं असतं. मऊ प्लास्टिकच्या नळीनं मोकळं करा, सळई घालू नका. आतल्या नळ्यांत बऱ्याचदा आर ६००ए हा ज्वलनशील वायू असतो.

नवं घेणाऱ्या कोकणातल्या वाचकांनी मात्र एकेरी काचेचं दार टाळावं. दुहेरी, लो-ई थराची (उष्णता अडवणाऱ्या पातळ लेपाची) काच घ्यावी, किंवा सरळ बंद दार. शोभा कमी, पण बिलही कमी.

प्रश्न : टेम्पोत आडवा करून आणला. लगेच चालू करू का? (नाशिक)

उत्तर : नको. आडव्या प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. २४ तास उभा ठेवा, पाय फिरवून स्पिरिट लेव्हलनं समतल करा, मगच प्लग लावा. पहिल्या दिवशी रिकामाच चालवा.