सिल्कीची पिल्लं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत वऱ्हाडातून आणि झाडीपट्टीतून शोभेच्या कोंबड्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक सिल्की या रेशमासारख्या मऊ पिसांच्या जातीबद्दल आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा तिलाच दिली आहे.

प्रश्न: सिल्कीची पिल्लं कुठून घ्यावी? मोबाईलवर जाहिराती पुष्कळ आहेत, पण दर प्रत्येकाचा वेगळा. कोणी ‘इम्पोर्टेड’ म्हणून दुप्पट सांगतो. अंडी मागवून घरी उबवली तर स्वस्त पडेल का? सुरुवातीला 100 पिल्लं टाकायचा विचार आहे.
— वाचक, आर्वी (जि. वर्धा)

आधी महिना ठरवा, मग विकणारा शोधा. विदर्भात ही पिल्लं नोव्हेंबर ते जानेवारी याच काळात आणावी. तेव्हा आणलेलं पिल्लू मेच्या उन्हात तीन-चार महिन्यांचं तरी झालेलं असतं आणि पाऊस लागेपर्यंत अंगानं भरतं. गावरान कोंबडीच्या पिसांना बारीक आकडे असतात आणि त्यांनी पिसाचे धागे एकमेकांत गुंततात. सिल्कीच्या पिसांत ते आकडे नसतात. पीस मऊ दिसतं, पण पाणी अडवत नाही. पावसाच्या एका सरीत पिल्लू कातडीपर्यंत भिजतं आणि गारठून मरतं. मार्च-एप्रिलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून आणलेली पिल्लं आधी उन्हात आणि उरलेली पावसात जातात.

सरकारी अंडी उबवणी केंद्रांवर परसातल्या कोंबडीपालनाच्या सुधारित जाती मिळतात, सिल्की मिळत नाही. ती हौशी पैदासकारांकडूनच घ्यावी लागते. पुणे, हैदराबाद, कोलकाता, केरळ इथे असे पैदासकार बरेच आहेत. आपल्याला हैदराबाद सोयीचं, कारण नागपूर-चंद्रपूरकडे एका रात्रीत गाडी पोचते. पैसे देण्याआधी आई-बापाचा त्याच दिवशी काढलेला व्हिडिओ मागा. त्यात पाय, डोकं आणि उघडलेला पंख दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी मरेक्सची (कोंबड्यांच्या एका विषाणूजन्य रोगाची) लस दिली का, हेही विचारा. सिल्कीला मरेक्स लवकर धरतो आणि ती लस नंतर घरी देऊन उपयोग होत नाही. ‘इम्पोर्टेड’ म्हणणाऱ्याकडे केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना मागा. जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी त्याशिवाय देशात आणता येत नाहीत. परवाना दाखवत नसेल तर त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

एक दिवसाच्या पिल्लात फसवणूक सोपी असते, कारण लव सगळ्यांची सारखीच असते. तेव्हा पाय बघा. सिल्कीला पाच बोटं असतात, पाचवं वर वळलेलं. नडगीवर आणि बाहेरच्या बोटांवर लव असते, चोच आणि कातडी काळपट निळी असते. कडकनाथाची कातडीही काळीच, पण त्याला चारच बोटं आणि पाय उघडे. खरी खात्री तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पटते. शुद्ध सिल्कीच्या पंखाच्या पिसांच्या कडा सुट्या, विस्कटलेल्या दिसतात. संकराचं पीस सलग आणि कडक निघतं. म्हणून नवख्या माणसाने एक महिन्याची पिल्लंच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर जास्त पडतो, पण जात ओळखता येते आणि ब्रूडरचा, म्हणजे पिल्लं बल्बच्या उबेत ठेवायचा, सगळ्यात नाजूक काळ विकणाऱ्याकडे निघून जातो.

अंड्यांचं गणित कागदावर स्वस्त दिसतं. गाडीच्या टपावर किंवा डिकीत अंडं साधारण 27 अंशांच्या पुढे तापलं की गर्भ वाढू लागतो, रात्री थांबतो आणि दोन-तीनदा असं झालं की मरतो. हादऱ्यांनी आतली हवेची पोकळी सुटते ते वेगळंच. मागवायचीच असतील तर डिसेंबर-जानेवारीत मागवा. आल्यावर निमुळतं टोक खाली करून 12 ते 24 तास हलवू नका, मग उबवणीच्या मशीनमध्ये ठेवा. पंख्याच्या मशीनला तापमान 37.5 अंश हवं. पहिले 18 दिवस आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. निम्मी फुटली तरी चांगलं म्हणावं.

आणि 100 नका टाकू. हा बाजार हौसेचा आहे. आठवडी बाजारात सिल्कीला गावरान कोंबडीचाही भाव मिळत नाही. 10 ते 12 पिल्लांपासून सुरुवात करा. यापेक्षा कमीही नको, कारण या जातीत नर-मादी चार-सहा महिन्यांपर्यंत नीट कळत नाहीत आणि तीन-चार पिल्लांत सगळे कोंबडेच निघू शकतात. कर्ज काढून तर मुळीच करू नये.

प्रश्न: एक दिवसाची 12 पिल्लं परवा येणार आहेत. रात्री लाईन जाते. ब्रूडर कसं करू? खाद्य घरचंच द्यायचं आहे. सरकीची ढेप, सोयाबीन, मका आहे.
— वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

12 पिल्लांना अडीच फूट व्यासाचं गोल कुंपण पुरतं. पुठ्ठा किंवा पत्रा सव्वा फूट उंच घ्या आणि तो गोलच ठेवा, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचा तूस, त्यावर पहिले तीन-चार दिवस बारदान. वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. फाकलेच तर पहिल्या दोन दिवसांत दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीने एक इंच अंतर ठेवून बांधा. तीन-चार दिवसांत सरळ होतात, उशीर केला तर होत नाहीत.

पिल्लं यायच्या चार तास आधी ब्रूडर तापवून ठेवा. पहिला आठवडा 35 अंश, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. तारेचे 60 वॅटचे दोन बल्ब दीड फुटावर टांगा. दोन अशासाठी, की रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कुंपणाला चिकटून चोच उघडी ठेवली तर उष्णता, सगळीकडे पसरलेली असली तर ठीक. डिसेंबरच्या रात्री लाईन गेली तर दोन लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, बारदान गुंडाळून मध्ये ठेवा आणि वरून गोधडी टाका, हवेला फट ठेवून. दर दोन तासांनी पाणी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुराने पिल्लंच नव्हे, माणसंही दगावतात.

आल्या आल्या प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. पहिले चार-पाच तास लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम गूळ चालेल, नंतर साधं पाणी; गुळाचं पाणी आंबतं आणि मुंग्या येतात. भांड्याची कड अरुंद हवी किंवा पाण्यात स्वच्छ गोटे टाका. सिल्कीच्या तुऱ्याची लव ओली झाली की तेवढ्याने सर्दी होते. खाद्य पाण्यानंतर तासा-दोन तासांनी द्या. शौचाची जागा रोज तपासा. विष्ठा वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा. ओढाल तर कातडी सोलते.

आता खाद्य. सरकीची ढेप पिल्लांना नकोच. तिच्यातलं गॉसिपॉल गाई-म्हशी पचवतात, कोंबडीच्या पिल्लाची वाढ त्याने खुंटते. कच्चं सोयाबीनही नको, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. तेल काढलेली, भाजणी झालेली सोयाढेप घ्या. 10 किलो खाद्यासाठी: मक्याचा बारीक भरडा साडेपाच किलो, सोयाढेप साडेतीन किलो, भाताचा बारीक कोंडा 700 ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण 250 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम आणि जीवनसत्त्वांची पावडर 20 ग्रॅम. यात सुमारे 21 टक्के प्रथिनं बसतात. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा. मका ओला किंवा बुरशीचा वास येणारा असेल तर ढोरांनाही घालू नका, पिल्लांना तर नाहीच. घरी उधई धरत असाल तर दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर टाका, पिल्लं त्यावर तुटून पडतात आणि ती उत्तम प्रथिनं आहेत.

तरीही पहिला महिना चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य द्या, असंच आम्ही सुचवू. त्यात बहुधा रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असतं, घरच्या खाद्यात नसतं. मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र चुकूनही नको. त्यात चुना इतका असतो की पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात.

रात्री उंदीर आणि मुंगूस. साध्या कोंबडी-जाळीतून उंदीर सहज आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी खालूनही लावा.

प्रश्न: सहा आठवड्यांच्या एका पिल्लाची मान उलटी वळली आहे. मानमोडी आहे का? बाकीची मारून टाकावी का?
— वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

मारू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका पिल्लावर थांबत नाही. दोन-तीन दिवसांत अनेक पिल्लं मलूल होतात, हिरवट पातळ हगतात, धापा टाकतात, मरतात. एकाच पिल्लाची मान वळली, बाकीची नीट खातात आणि ते स्वतःही भरवलं तर खातं, असं असेल तर सिल्कीत बहुतेक वेळा कारण डोक्याला लागलेला मार किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असतं. अनेक सिल्कींच्या डोक्यावर तुऱ्याखाली टेंगूळ असतं. तिथे लहानपणी हाड पूर्ण जुळलेलं नसतं आणि दुसऱ्याने एक टोच मारली तरी मेंदूला इजा होते.

पिल्लू वेगळं करा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा. मान वळलेलं पिल्लू उपाशी आणि तहानेने आधी मरतं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा मान हाताने सरळ धरून ओलं खाद्य भरवा आणि चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाणी द्या. ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि बी-1 देतात, पण मात्रा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन सांगूनच ठरवून घ्या. सेलेनियम थोडं जास्त झालं तरी विष ठरतं. बरं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरं पिल्लू आजारी दिसलं किंवा एखादं मेलं, तर लगेच दवाखान्यात कळवा आणि पिल्लांची ने-आण थांबवा.

प्रश्न: एकच सिल्की कोंबडा आहे. गावरान कोंबड्यांवर सोडला तर सिल्की पिल्लं मिळतील का?
— वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

पहिल्या पिढीत एकही नाही. रेशमी पिसांचा गुण दबलेला राहतो. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. पहिल्या पिढीची पिसं साधी, पण बोटं बहुधा पाच निघतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या गावरान कोंबडीपासून झालेल्या माद्या नरांपेक्षा काळ्या निघतात, हेही तुमच्या लक्षात येईल. यातल्या माद्या पुन्हा त्याच कोंबड्याला दिल्या तर सरासरी निम्मी पिल्लं रेशमी पिसांची होतात. पहिल्या पिढीतली आपसात जुळवली तर चारातलं एक. तरी त्यांना शुद्ध सिल्की म्हणून विकू नका. तुरा, बांधा, पायांची लव यायला आणखी कित्येक पिढ्या निवड करावी लागते. दोन शुद्ध माद्या विकत आणणं यापेक्षा सोपं.

प्रश्न: सिल्कीची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली चालतील का? आणि लशी कोणत्या?
— वाचक, सावनेर (जि. नागपूर)

चालतील. अंडी 35 ते 40 ग्रॅमची असतात, मध्यम कोंबडीखाली 10 ते 12 मावतात. बसवण्याआधी तिच्या उवा-पिसवांचा बंदोबस्त करा. पिल्लं 20 किंवा 21 दिवसांनी निघतात. पावसाळ्यात आईमागे काळ्या मातीत सोडू नका. पायाच्या लवेला चिखलाचा गोळा चिकटून वाळला की रक्तपुरवठा तुटून नख, कधी बोटही जातं. गोळा दिसला तर कोमट पाण्यात भिजवून सोडवा.

लशी: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात एक थेंब. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी (हीही मानमोडीचीच). कुपी किमान 100 मात्रांची येते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गावातल्या कोंबड्या ठेवणाऱ्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवावा. कुपी बर्फाच्या थर्मासमधूनच आणा आणि लस सकाळी ऊन चढायच्या आत द्या.