नाव बदलण्याआधी एवढं वाच

ऑनलाइन मंचावर बाईचं नाव दिसलं की लोकांच्या उत्तरांचा सूर बदलतो, हे तुला पहिल्याच आठवड्यात जाणवलं. म्हणून तू पुरुषाचं टोपणनाव घ्यायचं म्हणतेस. त्रास टाळायला घेत असशील तर खुशाल घे, त्यात कमीपणा नाही. पण ‘आपल्यालाच कमी कळतं’ या समजुतीतून घेत असशील तर थांब.

गिटहब या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या वेबसाइटवर लोक एकमेकांच्या प्रोग्रॅममध्ये बदल सुचवतात. त्यावरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बायकांनी सुचवलेले ७८.७ टक्के बदल स्वीकारले गेले, पुरुषांचे ७४.६ टक्के. मात्र प्रकल्पाबाहेरच्या बाईची ओळख प्रोफाइलवरून कळत असेल, तिथे तिचे बदल स्वीकारले जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली आलं. म्हणजे खोट कामात नव्हती गं!

तुझं कालचं उत्तर मी दोनदा वाचलं. मुद्दा अचूक होता, पण सुरुवात ‘मी चुकत असेन, पण’ आणि शेवट ‘बघा पटतंय का’. ही दोन्ही वाक्यं काढ. खरी शंका असेल तिथेच शंका लिही.

तुझाच मुद्दा कुणी तुलाच समजावू लागला, तर आपलं मूळ वाक्य एकदा पुढे ठेव आणि विषय पुढे ने. वाद ओढत बसू नकोस, त्यात फार शक्ती जाते.

आणि दुसरीचा मुद्दा दुर्लक्षित राहिला तर तिचं नाव घेऊन तो पुन्हा मांड. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकारी बैठकांत हेच करत. तुझ्या बाबतीत ते मी करेन.