'संभाव्य अवयवदाता' म्हणजे नक्की कोण?

कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलंय : "आयसीयूत डॉक्टरांच्या बोलण्यात 'संभाव्य दाता' असं आलं. माणूस मशीनवर, छाती हलतेय. मग तो दाता कसा? आणि गेलाच असेल तर 'संभाव्य' कशाला?"

शंका रास्त आहे. आपल्याकडे 'सीपीआरला नेलं' म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि 'सीपीआर दिला' म्हटलं की छाती दाबणं, हे नुसत्या वाक्यावरून कळतं. 'संभाव्य'ला असा आधार नाही. 'संभाव्य उमेदवार' ऐकायची सवय असल्याने घरच्यांना वाटतं, आपण हो म्हणू की नाही एवढाच प्रश्न उरलाय. डॉक्टरांच्या मनात मात्र मृत्यू झालाय का, हाच प्रश्न अजून असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. मेंदूला अतिगंभीर इजा झालेला, पण अवयव चांगले असावेत असा रुग्ण ही पहिली. मेंदूमृत्यूचे, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्याचे, निकष पूर्ण होत असावेत असा संशय आला की दुसरी. निकषांनुसार मृत घोषित झाला की तो 'पात्र'. पहिल्या दोन पायऱ्यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत, आपण दोन्हीकडे 'संभाव्य'च वापरतो. घोळ होतो तो इथे.

दुसरी ते तिसरी पायरी ओलांडणं सोपं नाही. बुबुळावर टॉर्च मारतात, डोळ्याला कापसाचं टोक लावून पापणी मिटते का बघतात, घशातल्या नळीतून सक्शन करून खोकला येतो का पाहतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही छाती हलत नाही ना, याची खात्री करतात. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे हे चार डॉक्टरांच्या मंडळाने करायचं, किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला डॉक्टर त्यात चालत नाही.

दोन्ही तपासण्यांत तेच दिसलं की 'संभाव्य' संपलं. तिथून पुढे 'पेशंट ब्रेन डेड आहे' हेही मला खटकतं. त्यातला 'आहे' ऐकून "मेंदू गेला, पण माणूस हाय न्हवं?" असं कुणी विचारलं तर त्याचं काय चुकलं? 'मेंदूमृत्यू झाला' म्हणावं. कायद्याच्या दृष्टीने तो मृत्यूच आहे.

राहिला 'दाता'. दाता म्हणजे स्वतः देणारा. इथे संमतीची सही जवळच्या नातेवाइकांची असते. म्हणून ती होईपर्यंत घरच्यांसमोर हा शब्द नको. तपासण्या चालू असताना 'मेंदूला फार मोठी इजा झालीय, तपासण्या चालू आहेत' एवढंच सांगावं. रुग्णालयाचे अवयवदान समन्वयक पुण्याच्या झेडटीसीसीला, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला, कळवताना 'संभाव्य दाता' म्हणाले तर हरकत नाही. ऐकणाऱ्याला पायरी ठाऊक असते.