'लॉ अँड ऑर्डर' ह्या अमेरिकन पोलीस-कोर्टाच्या मालिकेतला नट जेरी ऑर्बाक टीव्हीवर येण्याआधी काय करत होता? साठीला आल्यावर त्याचं नशीब उघडलं म्हणतात, ते खरं का?

तुम्ही विचारलंय की हा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी अचानक टीव्हीवर कुठून उगवला, आधी बारीकसारीक कामं करून दिवस काढत होता का, आणि आयुष्यभर नाटकच करून त्याचं भागलं कसं. उत्तर जरा लांबणार आहे कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी सांगते, 'नशीब उघडलं' हे मला अजिबात पटत नाही. जेरी ऑर्बाक टीव्हीवर आला तेव्हा तो ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचा, मोठा स्टार होता आणि तेसुद्धा गेली तीस वर्षं. फक्त ते सगळं नाटकात होतं आणि नाटक कॅमेऱ्यात राहत नाही, म्हणून तुम्हाला आणि मला ते दिसलं नाही एवढंच.

मलाही हे माहीत नव्हतं. 2003 ला लग्न होऊन न्यू जर्सीत एडिसनला आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा एच-फोर व्हिसा, तेव्हा त्यावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, नवरा सकाळी सातला गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. दुपारी टीएनटी चॅनेलवर 'लॉ अँड ऑर्डर'चे जुने भाग एकापाठोपाठ एक लागायचे, ते मी खाली सबटायटल लावून बघायचे, त्यातूनच माझा कान अमेरिकन इंग्रजीला सरावला. त्यातला डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को म्हणजे जेरी. उंच, चेहऱ्यावर सुरकुत्या, डोळ्यांखाली पिशव्या, ओव्हरकोटच्या खिशात हात घालून प्रेताशेजारी उभा राहायचा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुणीतरी मेलेलं सापडतं, जोडीदार माहिती सांगतो, ब्रिस्को एकच वाक्य बोलतो आणि टायटल सुरू. ते वाक्य तो कधीच जोर लावून म्हणायचा नाही. शेवटचा शब्द किंचित खाली सोडून द्यायचा, आणि तरी ते वाक्य घरातल्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. मी विचार करायचे की ह्या माणसाला हे जमतं कसं.

28 डिसेंबर 2004 ला तो गेला. दुसऱ्या दिवशी बातम्यांत सांगितलं की त्याच्यासाठी ब्रॉडवेच्या थिएटरांचे दिवे मंद करणार. मला कळेचना, टीव्हीवरच्या पोलिसासाठी नाटकवाले दिवे का मंद करतायत? तिथून माझी शोधाशोध सुरू झाली ती आजतागायत चालू आहे.

तर ऐका. जन्म 20 ऑक्टोबर 1935, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. वडील रेस्टॉरंट मॅनेजर, पूर्वी वॉडविलमध्ये म्हणजे तिकडच्या नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत काम केलेले, आई रेडिओवर गायलेली. वडील ज्यू, आई कॅथलिक, मुलगा कॅथलिक म्हणून वाढला. घर सतत बदलत गेलं, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, शेवटी इलिनॉयमधलं वॉकीगन, तिथे शाळा संपली. कॉलेजला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाटक शिकत होता, ते अर्धवट सोडून 1955 मध्ये न्यूयॉर्क गाठलं. तिथे 'थ्रीपेनी ऑपेरा'त आधी बदली नट म्हणून घेतलं आणि पुढे त्याच नाटकात मॅकहीथची मुख्य भूमिका मिळाली. बदली नट होणं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, सगळं पाठ करून विंगेत उभं राहायचं आणि कदाचित कधीच स्टेजवर जायला मिळणार नाही.

मग 3 मे 1960. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सलिव्हन स्ट्रीट प्लेहाउस नावाचं दीडशे खुर्च्यांचं इवलंसं थिएटर, नाटक 'द फँटास्टिक्स'. नेपथ्य म्हणजे एक लाकडी चौथरा आणि पुठ्ठ्याचा चंद्र, वाद्यं दोन, पियानो आणि हार्प. एक माणूस हातात काठी आडवी धरून उभा राहतो आणि ती भिंत. जेरीची भूमिका एल गायोची, तोच निवेदक, तोच डाकू, तोच पुढे येऊन सुरुवातीचं 'ट्राय टू रिमेंबर' गातो. हे गाणं पुढे शेकडो जणांनी गायलं पण स्टेजवर पहिल्यांदा लोकांसमोर गाणारा हा चोवीस वर्षांचा पोरगा होता. सुरुवातीची परीक्षणं काही फार उत्साहाची नव्हती, पण नाटक चालत राहिलं, चालतच राहिलं, 13 जानेवारी 2002 पर्यंत, एकाच थिएटरात, 17,162 प्रयोग. आपण नाटकवेडे लोक हजार-दोन हजार प्रयोगांचं कौतुक करतो आणि ते करायलाच हवं, पण हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छापताना चूक झाली असेल.

पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर 'कार्निव्हल', त्यात लंगडणारा, कडवट झालेला कठपुतळीवाला. मग 'गाइज अँड डॉल्स'साठी टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या पुरस्काराचं, नामांकन. 1968 ला 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस', संगीत बर्ट बॅकरॅकचं, संवाद नील सायमनचे, त्यात जेरी मुख्य भूमिकेत आणि त्यासाठी 1969 चं टोनी, संगीत नाटकातला सर्वोत्कृष्ट नट. म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं बक्षीस घरात. आता सांगा, हा साठीला आल्यावर नशीब उघडलेला माणूस आहे का!

1975 ला 'शिकागो'. सिनेमामुळे आज सगळ्यांना ते माहीत आहे, पण बॉब फॉसीने ते स्टेजवर पहिल्यांदा उभं केलं तेव्हा बिली फ्लिन हा वकील जेरीने केला, सोबत ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा ह्या नामवंत नट्या. कोर्टात झगमगाट केला की सत्याकडे कोण बघतो असं गाऊन सांगणारा वकील. हे लक्षात ठेवा कारण 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये तो ब्रिस्को होण्याआधी दुसऱ्या सीझनच्या एका भागात पाहुणा म्हणून आला होता, आणि तेव्हाही आरोपीचा वकीलच झाला होता.

मधल्या काळातली एक गोष्ट थोडक्यात. 1971 च्या एका सिनेमात त्याने एका गँगस्टरची भूमिका केली, ती ज्याच्यावर बेतली होती म्हणतात तो जोई गॅलो नावाचा खराखुरा माफियावाला त्याला भेटायला आला आणि दोघांची चक्क मैत्री झाली. गॅलोचं लग्न जेरीच्या घरी लागलं, मार्च 1972 मध्ये, आणि काही आठवड्यांतच 7 एप्रिलच्या पहाटे न्यूयॉर्कच्या लिटल इटली भागातल्या एका हॉटेलात गॅलोला गोळ्या घातल्या. माणूस पडद्यावर बारा वर्षं खुनाचा तपास करत राहिला, त्याने हे इतक्या जवळून पाहिलेलं होतं.

आता माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण रात्र. 25 ऑगस्ट 1980, विंटर गार्डन थिएटर, 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट' ह्या नाटकाचा शुभारंभ. जेरी ज्युलियन मार्श करत होता, म्हणजे नाटकातलं नाटक बसवणारा कडक दिग्दर्शक. खरा दिग्दर्शक गाउअर चॅम्पियन. प्रयोग तुफान झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, पडदा पुन्हा पुन्हा वर जातोय. तेवढ्यात निर्माता डेव्हिड मेरिक स्टेजवर आला आणि म्हणाला की एक दुःखद गोष्ट सांगायची आहे. लोकांना वाटलं काहीतरी गंमत करतोय, हसले. आणि मग त्याने सांगितलं की गाउअर चॅम्पियन आजच गेला. दिवसभर ही बातमी त्याने दाबून ठेवली होती, स्टेजवरच्या मुलामुलींनाही माहीत नव्हतं. रंगभूषा केलेली, घामाने भिजलेली, आत्ता आत्ता हसत असलेली पोरं तिथल्या तिथे कोसळली आणि समोर कॅमेरे, फोटोग्राफर. त्या गोंधळात कुणाला काय करावं सुचत नसताना जेरीने विंगेकडे ओरडून पडदा पाडायला सांगितलं. 

मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं. टाळ्या, दुःख, प्रसिद्धी सगळं एकदम अंगावर आलेलं असताना त्या एका माणसाला कळलं की आता प्रेक्षकांनी बघू नये. हे काही कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, पंचवीस वर्षं रोज स्टेजवर उभं राहिलं की अंगात येतं. ते नाटक पुढे आठ वर्षांवर चाललं, 3,486 प्रयोग.

सिनेमे पण केले. 'डर्टी डान्सिंग'मध्ये मुलीचे डॉक्टर वडील तोच. आणि 1991 च्या 'ब्युटी अँड द बीस्ट' कार्टूनमध्ये ल्युमिएर नावाची मेणबत्तीची दिवटी आहे ना, फ्रेंच ढंगात गाऊन पाहुण्यांना जेवायला बसवते, तो आवाज जेरीचा. म्हणजे तुम्ही त्याचं गाणं आधीच ऐकलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

मग 1992. डिटेक्टिव्हचं काम करणाऱ्या पॉल सोर्विनोने 'लॉ अँड ऑर्डर' सोडलं आणि तिसऱ्या सीझनमध्ये मध्येच लेनी ब्रिस्को आला. दारू सोडलेला, दोन लग्नं मोडलेला, मुलीशी नीट न जमलेला पोलीस. तो 2004 पर्यंत राहिला. ह्या मालिकेचं शूटिंग न्यूयॉर्कमध्येच व्हायचं, हॉलिवूडला नाही, ह्याचं महत्त्व फार मोठं आहे. त्यामुळे साक्षीदार, शेजारीण, दुकानदार, जज ही कामं तिथल्या नाटकातल्या नटांना मिळायची. ब्रॉडवेच्या नाटकाला गेलात तर हातात पुस्तिका देतात त्यात नटांची माहिती वाचा, दर दुसऱ्याच्या नावापुढे 'लॉ अँड ऑर्डर' दिसेल. नाटकवाल्यांची घरभाडी ह्या मालिकेने भरली असं म्हटलं तरी चालेल. 'भागलं कसं' ह्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे, आणि उरलेलं अर्धं असं की जेरी लांब चालणाऱ्या नाटकांत होता आणि मिळालेलं नाटक तो पटकन सोडायचा नाही.

आता पुन्हा कधी भाग बघाल तेव्हा एक करा, ब्रिस्को बोलत नसताना त्याच्याकडे बघा. समोर एखादी नवखी नटी दोन मिनिटांचा सीन करत असते, रडत असते, आणि हा वहीत लिहितो, मान किंचित तिरकी, डोळे वर न करता ऐकतो, आणि नेमक्या शब्दाला पेन थांबतं. सीन तिचा आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो सीन हा तिला देऊन टाकतो. बारा वर्षं, पावणेतीनशेच्या आसपास भाग, आणि हे सगळीकडे दिसतं.

ह्यातली दहा वर्षं त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. 1994 लाच निदान झालेलं, बाहेर कुणाला कळू दिलं नाही आणि काम चालू ठेवलं. त्याची दुसरी बायको एलेन, 'शिकागो'च्या वेळी भेटलेली नर्तकी. शूटिंगला भल्या पहाटे जायचा तेव्हा ती झोपलेली असायची, तर तो रोज एका कागदावर छोटीशी कविता लिहून तिच्या कॉफीच्या कपाजवळ ठेवून जायचा. तिने ते सगळे कागद जपून ठेवले आणि तो गेल्यावर त्यांचं पुस्तक निघालं. 

आणि डोळे. म्हातारपणापर्यंत त्याची नजर उत्तम होती, त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की माझे डोळे दान करा. दोन माणसांना त्याचे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक पडदे, मिळाले. न्यूयॉर्कच्या नेत्रपेढीने नंतर त्याचा फोटो लावून जाहिरात केली होती, ती मी सबवेत दांड्याला धरून उभी असताना पाहिली आणि माझं स्टेशन चुकलं. 2016 ला माझे बाबा नाशिकला गेले. रात्रीचे अकरा वाजलेले, मी फोनवर होते, भाऊ रडत होता, आणि मी त्याला म्हटलं पंखा बंद कर, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेव आणि नेत्रपेढीला फोन लाव, सहा तासांच्या आत व्हायला हवं. त्या लोकांनी येऊन पाऊण तासात सगळं केलं. आईला आधी पटत नव्हतं, नंतर तिनेच शेजाऱ्यांना सांगितलं. बाबा नाटकवेडे, मला लहानपणी प्रत्येक संगीत नाटकाला घेऊन जायचे, त्यांना जेरीची गोष्ट मी आधी सांगितली होती म्हणून त्यांनी स्वतःच हे बोलून ठेवलं होतं.

'द फँटास्टिक्स' 2006 मध्ये पुन्हा सुरू झालं, टाइम्स स्क्वेअरजवळ पन्नासाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि त्या थिएटरला पुढे जेरी ऑर्बाक थिएटर असं नाव दिलं. 2014 ला मी एकटीच जाऊन पाहून आले. तोच चौथरा, तोच पुठ्ठ्याचा चंद्र, पाऊस म्हणून कागदाचे कपटे उडवतात, त्यातले दोन-तीन माझ्या ओढणीवर पडले ते मी पर्समध्ये टाकले. 2017 मध्ये तेही बंद झालं. त्रेपन्नावा रस्ता आणि आठवा अॅव्हेन्यू मिळतात तिथे, तो राहायचा त्याच भागात, आता 'जेरी ऑर्बाक वे' अशी पाटी आहे.

तुम्हाला बघायचं असेल तर सरळ मालिकेपासून सुरू करू नका. आधी 'द फँटास्टिक्स'ची 1960 ची मूळ रेकॉर्डिंग ऐका, इंटरनेटवर सहज मिळते, दिवे बंद करून ऐका. मग 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'ची मूळ रेकॉर्डिंग, त्यात शेवटी तो एकटा गातो. आणि त्यानंतर 'लॉ अँड ऑर्डर'चा चौथा सीझन लावा. पहिल्याच भागात तो कोटाच्या खिशात हात घालून उभा दिसेल, तेव्हा त्याचा आवाज ऐका, तुम्हाला तो ओळखीचा वाटेल.