‘रिगर’ म्हणजे कडकपणा का?

नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : प्रबंधावर मार्गदर्शकांनी ‘रिगर (इंग्रजी rigour) कमी पडतोय’ असा शेरा मारला, कोशात त्याला ‘कडकपणा’ सापडला, आता प्रबंध कडक कसा करायचा?

कडक नका करू. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ताठरपणा. वैद्यकात तो जवळजवळ तसाच राहिला. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते ‘रिगर मॉर्टिस’, आणि हिवतापात दातांवर दात आपटतात ती हुडहुडीही ‘रिगर’च. पुढे ताठर म्हणजे न वाकणारा, सूट न देणारा, असा अर्थ पसरत गेला.

मराठीत मात्र जागेप्रमाणे शब्द बदलतो. पारा उतरला की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून निफाडचे बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ती थंडी कडाक्याची. देवळालीला तोफखान्याच्या जवानांना मिळतं ते प्रशिक्षण खडतर. कोर्ट सुनावतं ती शिक्षा सश्रम कारावासाची, म्हणजे सक्तमजुरी. तिथे ‘कठोर कारावास’ लिहिलेलं मला खटकतं, कारण १८६०च्या भारतीय दंड संहितेतच ‘रिगरस’ (rigorous) या विशेषणाचा अर्थ ‘कष्टाच्या कामासह’ असा दिला होता.

तुमच्या शेऱ्यातला शब्द आहे काटेकोरपणा. तो काय असतो हे समजायला देवळालीचे गणिती शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ घ्या. चार आकडी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच; शेवटी ६१७४ येतो, असा दावा. १९४९ घेऊन बघा : ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. अशा दहा-वीस संख्या केल्या की खात्री पटते, पण ती फक्त आपली खात्री. आता १११२ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ते तसंच तीन आकडी धरलं तर पुढची वजाबाकी शून्य, खेळ संपला. ०९९९ असं चार आकडी धरलं तर मात्र गाडी ६१७४लाच पोचते. म्हणून ‘चारही अंक सारखे नसावेत, सुरुवातीचं शून्य सोडू नये’ हे आधी सांगायचं आणि मग उरलेल्या सगळ्या ८९९१ संख्यांना ते लागू पडतं हे दाखवायचं. याला काटेकोरपणा म्हणतात. यात कडक काहीच नाही, कुणावर सक्ती नाही.

तेव्हा ‘काटेकोर सिद्धता’, ‘काटेकोर मांडणी’ असं खुशाल लिहा. आणि तुमच्या प्रबंधात ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द कुठे कुठे आलेत ते शोधा. मार्गदर्शकांचा शेरा बहुधा तिथेच लागू होत असेल.