गाडी हवी असणं आणि गाडी आवडणं

बाळा,

परवा जिन्यात मोबाइल पुढे करून तू विचारलंस, "काका, कशी आहे?" त्या लाल एसयूव्हीचा फोटो तू वॉलपेपर करून ठेवलायस. घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये बावीस वर्षं गाड्या विकल्यावर अशा प्रश्नाला जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देणं मला जमलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगतो. आई "काय ही हौस!" म्हणाली तेव्हा तुझा चेहरा उतरला. तसा उतरू देऊ नकोस. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, ऐरोलीचं ऑफिस सुटल्यावर ठाण्याची लोकल खच्चून भरलेली असते. दिवसभरात तुला स्वतःचं म्हणावं असं एक दार नाही. शोरूममध्ये डेमोच्या गाडीत बसलेल्या तुझ्या वयाच्या मुली मला अजून आठवतात. मायलेज विचारण्याआधी त्या दार ओढून घ्यायच्या, काचा वर करायच्या आणि क्षणभर गप्प बसायच्या. ती गरज खरी असते. पण तिला आपण स्वतः नाव द्यावं लागतं, नाहीतर सेल्समन तिला सनरूफ म्हणतो.

मीही म्हटलंय. पहिल्यांदा सगळ्यात महागडं मॉडेल दाखवायचं, म्हणजे मधलं स्वस्त वाटतं. "ही गाडी" म्हणायचं नाही, "तुमची गाडी" म्हणायचं. टेस्ट ड्राइव्हला आईला पुढच्या सीटवर बसवायचं. दार बंद होतानाचा तो भरदार आवाजसुद्धा कंपनीतले इंजिनिअर मुद्दाम घडवतात, कारण त्या एका आवाजावर माणूस गाडीची मजबुती ठरवतो. यात खोटं काहीच नसतं, पण वीस मिनिटांत गाडी मनाने तुझी होते आणि मग ती न घेणं म्हणजे काहीतरी गमावणं वाटायला लागतं.

केंट बेरिज नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाचं काम मी निवृत्तीनंतर वाचलं आणि आधी वाचायला हवं होतं असं वाटलं. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं. जिभेवर गोड पाणी सोडलं की ते उंदीर पूर्वीसारखेच मिटक्या मारत, पण समोर ठेवलेलं अन्न खायला जात नसत. म्हणजे हवं असणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी काउंटरवरून रोज पाहत होतो, फक्त त्याला शब्द नव्हते. गिऱ्हाईक सगळ्यात आनंदात असायचं ते बुकिंग ते डिलिव्हरी या काळात. रोज फोन, कधी येणार, एमएच ०४ मध्ये कुठला नंबर मिळेल. दसऱ्याला हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू. आणि सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला तीच माणसं यायची तेव्हा बोलणं पार्किंगचं आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकचं असायचं.

हव्यासातला मोठा भाग दुसऱ्यांच्या नजरेचा असतो, हे टाटांच्या नॅनो गाडीने मला शिकवलं. २००९ मध्ये लाखाची गाडी बाजारात आली. स्कूटरवर चौघांना नेणाऱ्या कुटुंबासाठी बनवलेली, अगदी कामाची. तरीही चौकशी करून लोक घरी जात आणि दोन-तीन लाख जास्त मोजून दुसरी घेत. "सगळ्यात स्वस्त" ही ओळख सोसायटीच्या गेटमधून आत न्यायची त्यांची तयारी नव्हती. स्वस्त गाडी म्हणून ती पुढे आणणं ही चूक झाली, असं रतन टाटांनी स्वतः म्हटलं होतं. २०१८ मध्ये ती बनायची थांबली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून तुला विचारतो, ती लाल गाडी कोणी पाहणारच नसेल, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकायचाच नसेल, तरी तीच घेशील? उत्तर "हो" आलं तर घे. फक्त हिशेब सांगून ठेवतो. दहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साधारण १६,१०० आणि एकूण व्याज साडेतीन लाखांच्या घरात. पाच वर्षांत फेडलंस तर हप्ता २०,७५० पर्यंत जातो, पण व्याज अडीच लाखांच्या आत राहतं. विमा, पेट्रोल, पार्किंग वेगळं.

आणि बुकिंगच्या आधी एक कर. माझी जुनी हॅचबॅक घेऊन जा. रविवारी पाम बीच रोडवर नको, तिथे कुठलीही गाडी आवडते. सोमवारी सकाळी आठला निघ, घोडबंदरहून मुलुंड-ऐरोली पुलावरून ऑफिसला जा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत ये. आठवडाभर. काचा वर कर, हवं ते गाणं लाव. शुक्रवारी रात्री गाडी लावून झाल्यावर लगेच वर जावंसं वाटतं की अजून पाच मिनिटं आत बसून राहावंसं वाटतं, ते मला सांग.

टाकी भरून ठेवली आहे. किल्ली काकूकडे आहे. क्लच थोडा कडक आहे, पहिल्या दिवशी बंद पडली तर घाबरू नकोस.

तुझा,
काका