कीटकनाशकांच्या गोदामात नुसता हिशेब ठेवणाऱ्यालाही त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की औषधांच्या गोदामात तुम्ही आवक-जावक लिहिता, पंप कधी हातात धरलेला नाही, तरी पावसाळ्यात रोज संध्याकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, आणि शेठ म्हणतात, "वासाने होतं, सवय होईल." नोकरी सोडू का, असं विचारलंय.

सवय नाकाला होते. रक्तात जे चाललंय त्याला होत नाही. मी इंदूरमध्ये एका खासगी पॅथॉलॉजीत बावीस वर्षं रक्त तपासते आहे, आणि माझा सख्खा मोठा भाऊ देवास नाक्याकडच्या अशाच एका गोदामात स्टोअर सांभाळत होता. तुमचं वाक्य वाचून मला त्याचाच आवाज ऐकू आला: "मी कुठे फवारतो?"

जुलै 2014. सोयाबीनची पेरणी उरकलेली, सगळ्या माळव्यातून मालाची मागणी, आणि हमाल कमी. दादाने स्वतः कार्टन खांद्यावर घेतले. त्यातल्या एकात बाटलीचं बूच सैल होतं. औषध मानेवरून पाठीत आणि तिथून कमरेच्या पट्ट्यापर्यंत उतरलं. त्याने हात धुतले, रुमालाने मान पुसली आणि तोच शर्ट घालून सात वाजेपर्यंत काम केलं. बरोबरचे म्हणाले, "कुछ नहीं होता, हम बीस साल से कर रहे हैं."

रात्री रामबागेत घरी आला तो घामाने निथळत. तोंडाला पाणी सुटत होतं, सारखा थुंकत होता, पोटात मुरडा. टीव्ही धुरकट दिसतो म्हणाला. घराजवळच्या डॉक्टरांनी येऊन उलटीचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "बाहेरचं काय खाल्लं?" आदल्या रात्री आम्ही सगळे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो होतो, त्याने भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाल्ला होता. झालं, निदान ठरलं. काम काय करता, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. खोलीत झिरोचा बल्ब होता. एवढ्या कमी उजेडात बाहुली मोठी व्हायला हवी. त्याच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या. भुट्ट्याच्या किसाने बाहुली बारीक होत नाही. कीस आम्ही सहा जणांनी खाल्ला होता, आजारी एकटा तो पडला. मी शर्टाबद्दल विचारलं, तर वहिनीने तो भिजत घातलेला, माझ्या भाचीच्या फ्रॉकांबरोबर, एकाच बादलीत. मी ती बादली मोरीत उपडी केली आणि दादाला साबणाने दोनदा आंघोळ करायला लावली, केसांसकट. कातडीतून औषध सगळीकडून सारखं शिरत नाही. हातापेक्षा टाळू, कपाळ आणि जांघेतून ते कितीतरी पटींनी जास्त जातं. लोक मात्र हातच धुतात.

त्याला त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही, कारण डॉक्टर, दादा आणि आई तिघांपुढे माझं चाललं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत सुरुवातीचा त्रास ओसरल्यावरही एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. हे मी नंतर वाचलं. ती रात्र आठवली की अजून काटा येतो.

सकाळी मी त्याचं रक्त काढून कोलिनेस्टरेज या एन्झाइमची तपासणी लावली. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं हेच एन्झाइम बंद पाडतात. नसेचा निरोप पोचल्यावर तो पुसायचं काम या एन्झाइमचं. ते बंद पडलं की निरोप चालूच राहतो, म्हणून घाम, लाळ, मुरडा, बारीक बाहुल्या. आकडा आला 5,600. आमच्या लॅबची रेंज साधारण 5,300 ते 12,900. डॉक्टर म्हणाले नॉर्मल, शेठ म्हणाले नॉर्मल, आणि दादाने तो कागद घडी करून माझ्याच हातात दिला.

इथेच सगळे फसतात, आणि तुम्हीही फसाल म्हणून एवढं लिहितेय. ही रेंज फार रुंद असते. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा वेगळा असतो, आणि ज्याचा मुळात वरचा आहे त्याचा निम्मा झाला तरी छापील रेंजच्या आत राहतो. पुढच्या मे महिन्यात, गोदामातलं काम थंडावलेलं असताना, मी साखर तपासायची म्हणून दादाचं रक्त घेतलं आणि गुपचूप हेही लावलं. 10,200. तेच मशीन, तीच पद्धत. म्हणजे जुलैत त्याचं जवळजवळ निम्मं एन्झाइम गेलेलं होतं आणि कागदावर "नॉर्मल" छापलं होतं. दोन्ही कागद समोर ठेवले तेव्हा म्हणाला, "तेव्हा पोट बिघडलेलं, म्हणून कमी आलं असेल."

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा पेपर वाचून तोच म्हणाला, "ते फवारणारे होते." दादा, तू हे वाचत असशील तर ऐक: औषधाला माणसाचा हुद्दा कळत नाही. गळकं कार्टन उचलणारा, फुटलेली बाटली पुसणारा आणि त्याच हाताने गुटखा खाणारा, तिघांच्या अंगात ते सारखंच जातं.

कायद्याचंही तसंच. कीटकनाशक नियम 1971 मध्ये वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेटवर (हेच एन्झाइम बंद पाडणारा दुसरा गट) काम करणाऱ्यांचं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजायला सांगितलंय. पण ते लिहिलंय कारखान्यात बनवणाऱ्यांसाठी आणि फवारणाऱ्यांसाठी. गोदामातला माणूस मधल्या मध्ये राहिला. माझ्या मते हे चूक आहे, सरळ चूक आहे.

आता तुमचं. वासावरून काही ठरवू नका. पातळ औषधांचा उग्र वास बराचसा त्यातल्या द्रावकाचा असतो. त्याने डोकं दुखतं हे खरं, पण वास कमी म्हणजे धोका कमी असं नाही. दिवाळीनंतर हंगाम संपून दोन-तीन महिने झाले की एकदा कोलिनेस्टरेज करून घ्या, तो तुमचा स्वतःचा आकडा. मग जुलै-ऑगस्टमध्ये, त्याच लॅबमध्ये, पुन्हा. कॅलिफोर्नियात प्लाझ्माचा (रक्तातल्या पातळ भागाचा) आकडा कामगाराच्या स्वतःच्या आकड्याच्या 60 टक्क्यांवर आला की त्याला त्या औषधांच्या कामापासून दूर ठेवतात, 80 टक्क्यांवर परतेपर्यंत. आपल्याकडे हे कोणी करणार नाही, तुम्हालाच करायला लागेल. गोदामात जेवू नका, कामाचा शर्ट तिथेच बदला, तो घरच्या कपड्यांत मिसळू नका.

ही तपासणी सगळ्या औषधांना लागू नाही हेही सांगायला हवं. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड किंवा तणनाशकं यात दिसत नाहीत. कार्बामेटचा परिणाम काही तासांत, फार तर दिवसाभरात ओसरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त दिलंत तर काहीच सापडणार नाही. काविळीत, गरोदरपणात, कुपोषणात आकडा तसाही खाली असतो. आणि तुमचं डोकं चष्म्याच्या नंबराने किंवा रक्तदाबाने दुखत असेल, तर तेही आधी बघून घ्या. मी डॉक्टर नाही.

नोकरी सोडायची की नाही हे मी कसं सांगू? दादाने सोडली नाही. 2016 पासून तो बिलिंगला बसतो, कार्टन उचलत नाही, आणि अजूनही त्या किसालाच दोष देतो.

एक मात्र आजच करा. गोदामात जेवढी औषधं आहेत त्यांच्या लेबलांचे फोटो काढून घरच्या कोणाच्या तरी मोबाईलवर ठेवा. लेबलावर औषधाचं नाव, विषाची रंगीत खूण आणि उतारा छापलेला असतो. त्या रात्री मी दादाला तीनदा विचारलं की कोणतं औषध सांडलं, आणि त्याला नाव आठवत नव्हतं. स्टॉकच्या वहीत दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं.